गंजलेली जुनी ८०० आणि जळगावातलं पत्र्याचं शेड : काम कसं झालं, किती लागले

जळगावात एमआयडीसीच्या बाजूला आतल्या रस्त्यावर एक पत्र्याचं शेड आहे, बोर्डवर नुसतं 'मोटर बॉडी वर्क्स' लिहिलंय, तिथे मी माझी २००३ ची मारुती ८०० पूर्ण करून घेतली, पत्रा आणि रंग दोन्ही, सगळं मिळून साडेअडतीस हजारात. काम मला आवडलं. मधे एक पावसाळा गेलाय, त्यामुळे आता खात्रीने लिहू शकते, नाहीतर डेंटिंग-पेंटिंगचा रिव्ह्यू गाडी हातात मिळाल्या दिवशी लिहिण्यात काही अर्थ नसतो, त्या दिवशी सगळ्यांचीच गाडी चकाचक दिसते.

गाडी पप्पांची. ते बँकेत होते, नोकरीची शेवटची बरीच वर्षं रत्नागिरीत गेली, त्यामुळे नंबर एमएच ०८ आणि गंजही तिकडचाच. आपल्याकडे खानदेशात गाडी गंजण्यापेक्षा रंग जळण्याचा त्रास जास्त, टप आणि बॉनेट उन्हाने पांढरंफटक पडतं, हात फिरवला की खडूसारखी पावडर लागते, पण खालचा पत्रा सहसा शाबूत असतो कारण पाऊसच मुळात सातशे मिलिमीटरच्या आसपास. रत्नागिरीत तोच तीन हजाराच्या वर जातो आणि वरून समुद्राची खारी हवा. मिठाचं पाणी पत्र्याच्या सांध्यात जाऊन बसलं की गंज किती झपाट्याने वाढतो ते कोकणात गाडी ठेवलेल्या कुणालाही विचारा. पप्पा रिटायर होऊन जळगावला आले, गाडीही आली, आणि मी धरणगावला शाळेत जाते तर रोजच्या येण्याजाण्याला तीच वापरायला लागले. इंजिन एकदम ठणठणीत, ७९६ सीसीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन नीट ऑइल बदलत राहिलं तर लवकर मरत नाही, एसी चालतो, अ‍ॅव्हरेज चांगला. फक्त ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग ओलं राहायला लागलं, दाराच्या खालच्या कडेला फोड, मागच्या चाकाच्या वरच्या कमानीला फोड, आणि डिकीच्या काचेखाली तपकिरी ओघळ.

इथे एक गोष्ट समजून घेणं गरजेचं आहे, कारण बाजारात हे कुणी सांगत नाही. या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. फ्लोअर, दाराखालचा रनिंग बोर्ड, पुढचे शॉकअप जिथे वर बसतात ते भाग, हे सगळे पत्रे एकमेकांना जोडूनच गाडी उभी असते आणि तेच वजन उचलतात. म्हणजे रनिंग बोर्ड आतून सडला तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही, अपघात झाला तर बाजूने आधार द्यायला काही उरलेलंच नसतं. म्हणून गंजलेल्या गाडीला नुसता रंग मारून देणारा माणूस स्वस्त पडत नाही, तो तुमचा धोका झाकून देतो आणि वरून पैसे घेतो. हे मला फार मनापासून वाटतं आणि हा सगळा रिव्ह्यू मी त्यासाठीच लिहितेय.

आता शोधाशोध. सर्व्हिस सेंटरला दाखवली, तिथल्या मुलाने नीट बोलून सांगितलं की मॅडम फुल बॉडी पेंट करून देऊ पण फ्लोअरचं वेल्डिंग आम्ही करत नाही, आणि पेंटचाच आकडा साठ हजाराच्या वर. इन्शुरन्समध्ये बसेल का विचारलं तर नाही, आणि ते बरोबरच आहे, गंज हा झिजेत धरतात, अपघातात नाही. मग शहरातल्याच एका पेंटरकडे गेले, नाव लिहित नाही, त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सोळा हजार सांगितले, आठवड्यात देतो म्हणाला. खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. फोडांचं काय करणार विचारलं तर म्हणे घासून पुट्टी भरू, वर सरफेसर, वर रंग, कळणार पण नाही. हेच तर नको होतं. पुट्टी म्हणजे पॉलिस्टर रेझिनमध्ये कालवलेली भुकटी आणि वर हार्डनर, ती वाळली तरी बारीक छिद्रांची राहते आणि ओल धरते, खाली जिवंत गंज असेल तर तो आतल्या आत वाढत राहतो आणि सहा-आठ महिन्यांत तोच फोड, आधीपेक्षा मोठा. पुट्टी वाईट नाही हां, चांगल्या साफ पत्र्यावर बारीक उंचसखल भरायला ती लागतेच. भोक भरायला ती नाही.

धुळ्यात एक नवीन झालेलं डिटेलिंगवाल्यांचं दुकान आहे, चकाचक, एसी ऑफिस, तिथे सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे रंगावर चकाकीसाठी लावायच्या थराचं पॅकेज सांगायला लागले, म्हटलं बाबांनो खाली भोक आहे. निघून आले.

खरा पत्ता मिळाला काळी-पिवळीवाल्यांकडून. हे माझ्या भावाने सुचवलं आणि मी सगळ्यांना सुचवेन. यावल, फैजपूर, चोपड्याकडे जाणाऱ्या ज्या जुन्या जीपा आणि मॅक्स अजून चालतात त्यांचे ड्रायव्हर रोज खच्चून भरलेल्या गाड्या खड्ड्यातून नेतात, त्यांना कुणाचं वेल्डिंग टिकतं आणि कुणाचं सुटतं हे पाठ असतं, आणि त्यांच्याकडे उधळायला पैसा नसतो. स्टँडवर एका वयस्कर ड्रायव्हर बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, रंग कोनी बी मारस, पत्रा कोन करस ते देखा." आणि या शेडचा पत्ता दिला. दुसऱ्या दोघांनीही तेच नाव घेतलं.

शेडवाले उस्ताद साठीच्या पुढचे असतील, सगळे त्यांना उस्तादच म्हणतात, मीपण तेच म्हणते. मुलगा रंगाचं बघतो, अजून दोन पोरं हाताखाली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा रंगाचा रेट विचारला तर म्हणाले, "ताई, रंगाचं शेवटी बोलू. आधी खाली बघू द्या." गाडी पिटवर, म्हणजे खालून बघायच्या खड्ड्यावर घेतली, आतलं मॅटिंग आणि खालची फेल्ट उचलली (ती पिळली तर पाणी निघेल इतकी ओली होती), आणि मग छोट्या हातोडीच्या दांड्याने रनिंग बोर्डवर एका टोकापासून ठोकत आले. टण टण टण असा आवाज येत येत मागच्या चाकाच्या अलीकडे वीतभर जागेत एकदम भद्द आवाज. तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक ठेवून नुसतं दाबलं, ठोकलं नाही, आणि ते मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तर तपकिरी चुरा आणि ओली माती खाली पडायला लागली, थांबेचना. रत्नागिरीची लाल माती, जळगावात काळी असते. पप्पा बाजूला उभे होते, काही बोलले नाहीत, नुसते खाली बघत राहिले.

मग उस्तादांनी मागच्या कमानीवर ग्राइंडर लावला आणि तिथून जुन्या कामाची पुट्टी निघाली, भाकरीएवढा जाड थर, अख्खा तुकडाच हातात आला, आणि त्याच्या मागे पत्रा नव्हताच, जाळी होती. तिकडे कुणीतरी कधीतरी कागद कोंबून वर पुट्टी थापलेली. तो कागदसुद्धा निघाला. असं सगळं उघडं करून दाखवल्यावर त्यांनी मला खडूने गाडीवर खुणा करून सांगितलं की हे कापायचं, हे नुसतं घासायचं, याला हात लावायची गरज नाही. हात लावायची गरज नाही हे त्यांनी टप, बॉनेट आणि ड्रायव्हरच्या मागच्या दाराबद्दल सांगितलं, आणि पैसे कमी करायचे असतील तर टप फक्त घासून पॉलिश करू, रंग नको, असंही स्वतःहून म्हणाले. मी शेवटी पूर्ण गाडीच करून घेतली कारण पांढऱ्या दोन छटा मला बघवल्या नसत्या, पण ज्याचं बजेट वीस-बावीस हजारच आहे त्याने हा मार्ग नक्की विचारात घ्यावा. खालचं काम पूर्ण, वरचं जमेल तेवढं. उलटं कधीही करू नका.

त्यांनी वेल्डिंग सीओटूचं केलं, म्हणजे विजेच्या मशीनवरचं, ज्यात तारेभोवती कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा, कारण ज्योतीच्या गॅस वेल्डिंगने गाडीचा पातळ पत्रा तापून वाकडा होतो, लाटा येतात, मग त्या लाटा झाकायला परत पुट्टी. सीओटूवर उस्ताद एक टाका इथे मारतात, मग वीतभर सोडून दुसरा, मग परत मागे, एकाच जागी उष्णता साठू द्यायची नाही. बघायला कंटाळवाणं काम पण मी एका शनिवारी शाळा सुटल्यावर जाऊन बराच वेळ बघत बसले होते. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापत गेले, जिथे ग्राइंडरखाली पांढरी चमक दिसली तिथे थांबले, मग पुठ्ठ्याचा नमुना कापून तो नवीन पत्र्यावर ठेवून तुकडा कापला, वाकवला, बसवून बघितला, परत घासला. बॅटरीची वायर आधीच काढलेली, सीट आणि फेल्ट बाहेर, बाजूला पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट. पेट्रोलची नळी खालून जाते तिथे तर त्यांनी ती सोडवून बाजूला बांधली आणि मगच मशीन लावलं. हे जिथे करत नाहीत तिथे गाडी सोडू नका, आग लागायला एक ठिणगी पुरते.

वेल्डिंगनंतर घासून साफ पत्र्यावर लगेच इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलंट, आणि मग खालून काळं अंडरकोटिंग. या क्रमाबद्दल उस्ताद फार कडक आहेत. बाहेर बऱ्याच ठिकाणी गंजावरच काळं कोटिंग फवारून देतात आणि दोन हजार घेतात, दिसायला नवीन दिसतं, पण आत अडकलेली ओल मग निघूच शकत नाही आणि पत्रा आतून आणखी जोरात जातो. ज्या बारीक जागी ग्राइंडर पोचत नाही तिथे तारेच्या ब्रशने घासून गंजावर लावायचं फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं द्रावण वापरलं, ते गंजाचा काळसर थर करतं, मग धुऊन पुसून पूर्ण वाळवून वर प्रायमर. रनिंग बोर्डच्या पोकळीत शेवटी मेणासारखं अँटी-रस्ट लांब नळीने आत फवारलं, आधी नाही, कारण मेणाच्या वर वेल्डिंग होत नाही आणि पेटतंही.

एक छोटी गोष्ट पण फार कामाची. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात. काचेवरून उतरलेलं पाणी दारात जातं आणि तिथून खाली निघतं. माझी चारही दारांची भोकं मातीने आणि जुन्या रंगाने बुजलेली, म्हणजे पावसाळाभर दारात पाणी साठून राहायचं. उस्तादांनी सायकलच्या चाकाची एक तार घेऊन ती मोकळी केली आणि रंग झाल्यावर परत एकदा केली, आणि ती तार मला देऊन टाकली, म्हणाले पावसाळ्याआधी दरवर्षी एकदा फिरवत जा. याला एक रुपया लागत नाही. तुमच्या गाडीची आजच तपासा.

रंगाकडे येऊ. माझ्या नशिबाने गाडी साधी पांढरी, मारुतीचा तो सुपीरियर व्हाइट. सॉलिड रंग म्हणजे एकाच प्रकारचा रंग मारला की झालं, सिल्व्हर किंवा मेटॅलिक असता तर आधी बेस आणि वर क्लिअर, दोन्हींचा खर्च, आणि शेड जुळवायची कटकट वेगळी. रंग बदलायचा विचार माझ्या भाच्याने मांडला होता, लाल करू म्हणून, पण रंग बदलला की आरसीवर आरटीओत तो चढवून घ्यावा लागतो आणि दाराच्या आतल्या कडा, इंजिनच्या आतला भाग सगळीकडे जुना रंग दिसतो, ते करायचं तर खर्च दीडपट. तोच रंग ठेवला ते बरं झालं.

रंग एनसी की टू-के हा दुसरा प्रश्न विचारायचाच. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, स्वस्त, थिनर उडालं की वाळतो, पण लवकर फिका पडतो आणि आपल्या उन्हात तर फारच. टू-के म्हणजे पीयू (पॉलियुरेथेन), त्यात हार्डनर टाकतात आणि तो रासायनिक पद्धतीने कडक होतो, महाग पण टिकतो. कुणी टू-के सांगून एनसी मारतं का हे बघायचं असेल तर पूर्ण वाळल्यावर एखाद्या आडोशाच्या जागी थिनरचा बोळा हलकासा घासा, एनसी असेल तर रंग बोळ्याला लागतो. मी उस्तादांच्या मुलासमोरच डिकीच्या आतल्या कडेला केलं, त्याने हरकत घेतली नाही. बोळा स्वच्छ निघाला.

त्यांच्याकडे बंद बूथ नाही, हा मोठा तोटा. शेडच्या एका कोपऱ्याला प्लास्टिकचे पडदे लावलेत, जमिनीवर पाणी मारून धूळ बसवतात आणि पहाटे रंग मारतात. जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहितीय, एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला असतो, दुपारी बॉनेटवर हात ठेवता येत नाही, अशा तापलेल्या पत्र्यावर फवारलेला रंग पसरायच्या आतच वाळतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. म्हणून ते मार्चनंतर फुल बॉडी घेतच नाहीत, फक्त तुकड्याची कामं करतात. पावसाळ्यातही नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा त्यांचा सीझन आणि माझं काम त्यातच झालं. तरी बॉनेटवर धुळीचे बारीक कण बसलेच, उजेडात तिरकं बघितलं की दिसतात. दोन हजार नंबरच्या बारीक वॉटर पेपरने घासून पॉलिश करून बरेच काढले, सगळे नाही निघाले. शोरूमसारखं फिनिश हवं असेल तर हे ठिकाण तुमचं नाही, स्पष्ट सांगते.

अजून एक गोष्ट मला खटकली आणि ती मी त्यांना तोंडावर सांगितली. रंग मारणारी पोरं नुसता रुमाल बांधून फवारतात. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो, रुमालाने काहीही अडत नाही. उस्तादांच्या मुलाने फिल्टरवाला मास्क काढून दाखवला, होता तो, पण खुंटीवर धूळ खात. गरम होतं म्हणाला. मी पुन्हा गेले तेव्हा त्याने घातलेला होता, दुसऱ्या पोराने नव्हता. तुम्ही गेलात तर तुम्हीही विचारा, गिऱ्हाईकाने विचारलं की फरक पडतो. ती वीस-बावीस वर्षांची पोरं आहेत.

पैशाचा हिशोब असा. पत्र्याचं काम पंधरा हजार, त्यात दोन्ही रनिंग बोर्ड, ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, मागच्या दोन्ही कमानी आणि बॅटरीखालचा ट्रे. रंग साडेअठरा हजार, टू-के, मटेरियलसकट. बाकी पाच हजार सामान, म्हणजे डावा फेंडर नवीन (बाजारात मिळतो आणि बोल्टवर बसतो, जुना ठोकत बसण्यापेक्षा स्वस्त पडला), दारांची रबरं, काचेची बीडिंग, क्लिपा. मारुती ८०० डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत निघाली, तीस वर्षं, त्यामुळे पार्ट मिळायला त्रास नाही, जळगावातल्या स्पेअरच्या दुकानांतच सगळं मिळालं. सामान मी स्वतः आणून दिलं, उस्तादांनीच यादी लिहून दिली आणि त्यात कमिशन ठेवलं नाही. तिसरा हिस्सा आधी, तिसरा पत्रा झाल्यावर, उरलेले गाडी घेताना. पत्रा झाल्यावर त्यांनी बोलावलं आणि प्रायमर मारायच्या आधी उघडं काम दाखवलं, मी फोटो काढले. ही पद्धत मला सगळ्यात जास्त आवडली, कारण रंगाखाली काय गेलं हे नंतर कुणी सिद्ध करू शकत नाही. पक्कं बिल मात्र नाही, डायरीच्या पानावर हिशोब. मला चाललं, ज्यांना कंपनीकडून क्लेम करायचाय त्यांना नाही चालणार.

घरी येताना शेजारच्या मावशींनी "कितला पैसा लागनात?" विचारलं आणि आकडा ऐकून म्हणाल्या तेवढ्याला तर जुनी गाडी येते. येते, खरंय. पण ती पण कुणाची तरी सडलेली असणार आणि वरून पुट्टीने झाकलेली, मला निदान या गाडीचा प्रत्येक सांधा माहितीय. नवीन छोटी गाडी घ्यायची तर चार-पाच लाख आणि हप्ता. आरटीओचं पण लक्षात घ्यायला हवं, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून आरसी रिन्यू, त्याची फी एप्रिल २०२२ पासून खाजगी कारला पाच हजार झाली आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ मध्ये ती आणखी वाढवलीय, पर्यावरण कर वेगळा. गाडी दाखवायला न्यावी लागते आणि फ्लोअरला भोक असलेली गाडी कुणी का पास करावी. तर ज्यांची आरसी वर्षभरात संपतेय त्यांनी आधी हा हिशोब मांडावा, इंजिन चांगलं असेल तरच पत्र्यावर पैसे घालावेत. इंजिनही धूर मारतंय आणि पत्राही गेलाय असं असेल तर स्क्रॅप करा, मन घट्ट करून.

वेळेच्या बाबतीत उस्ताद अजिबात भरवशाचे नाहीत. जी तारीख दिली होती ती कधीच उलटून गेली, फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जावं लागतं, गेल्यावर चहा पाजतात आणि "ताई, घाई केली तर तुमचंच नुकसान" म्हणतात. तोवर मी एसटीने धरणगाव केलं. दुसरी गाडी नसलेल्यांनी हे धरून चालावं. गाडी हातात आली तेव्हा डावं दार जोरात लावावं लागत होतं आणि डिकीचं रबर एका कोपऱ्यात नीट बसलेलं नव्हतं, दोन्ही तिथल्या तिथे करून दिलं.

मी गाडी घेताना फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून नेलं होतं. कमानी, रनिंग बोर्ड, दाराच्या कडा सगळीकडे फिरवलं. पत्रा असेल तिथे चिकटतं, जाड पुट्टी असेल तिथे गळून पडतं. एकाच जागी, मागच्या डाव्या कमानीच्या वळणावर जरा ढिलं चिकटलं, तिथे किती पुट्टी आहे ते उस्तादांनी न विचारताच सांगितलं. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर हे चुंबक खिशात ठेवूनच फिरावं.

आणि पावसाळा. जूनपासून रोज गाडी रस्त्यावर, धरणगावच्या रस्त्याला पाळधीच्या पुढे पाणी साचतं त्यातून गेली, चिखल, सगळं. पोळ्याच्या सुट्टीत मॅटिंग उचलून बघितलं, फेल्ट कोरडी ठणठणीत. पप्पांनी स्वतः वाकून हात लावून बघितलं, दोनदा. रनिंग बोर्डच्या कडेला काही नाही, फ्लोअरला काही नाही. फक्त त्याच डाव्या कमानीच्या आतल्या बाजूला हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक फोड आला. गाडी नेऊन दाखवली तर उस्तादांनी ग्राइंडर लावून परत उघडलं, आत सीलंट सुटलं होतं, ते काढून परत भरलं, प्रायमर मारून ठेवला आणि पाऊस संपल्यावर रंग मारून दिला. पैसे घेतले नाहीत. प्रायमरवर गाडी पावसात उभी करू नका, प्रायमर पाणी पितो, वर प्लास्टिक चिकटवून ठेवा असं दोनदा बजावलं, तेवढे दिवस मी चिकटपट्टी लावून फिरवली.

जाणार असाल तर शुक्रवारी दुपारी बंद असतं. बाकी दिवशी सकाळी दहाच्या आत गेलात तर उस्ताद निवांत भेटतात आणि गाडी पिटवर घेऊन बघतात, बघायचे पैसे घेत नाहीत. जाण्याआधी गाडी खालून पाण्याने धुऊन न्या, म्हणजे चिखलाखालचं दिसतं, आणि आतलं मॅटिंग स्वतः उचलून बघून घ्या. फुल बॉडी करायची असेल तर दसऱ्यालाच सांगून ठेवा, कारण दिवाळी झाली की लगीनसराईच्या आधी गाड्या नीट करायला काळी-पिवळीवाले रांग लावतात आणि मग नंबर लागता लागता उन्हाळा येतो.